घरचा पोकर: पैसे किती लावावेत?

डोंगरवाट

आमचा पोकरचा कट्टा बऱ्याच वर्षांचा. कॉलेजातली मूळ टोळी, आणि नंतर ऑफिस-सोसायटीतून चिकटलेले तिघं-चौघं. एकाआड एक शनिवारी, ज्याची पोरं आजोळी गेली असतील त्याच्या घरी. खेळ ठरलेला: नो लिमिट टेक्सास होल्डम (पोकरचाच एक प्रकार, एका वेळी किती लावायचे याला वरची मर्यादा नाही). सुरुवातीला ब्लाइंड (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे) १-२ रुपये आणि बाय-इन (बसताना देऊन चिप्स, म्हणजे चकत्या, घ्यायची रक्कम) २०० होता. पगार वाढले तसे ५-१० आणि हजार झाले. आता दोघं-तिघं म्हणतात, २५-५० करू, म्हणजे पाच हजारांचा बाय-इन. 'हजारात ब्लफ लागत नाही, सगळे कॉल करतात' (कॉल म्हणजे समोरच्याइतके पैसे टाकून डावात राहणं) हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच खोटा नाही.

अडचण अशी की एकाचा छपाईचा धंदा आहे आणि सध्या तो थंडच आहे. ही चर्चा सुरू झाल्यापासून त्याची कंबर दुखायला लागली. 'इतका वेळ बसवत नाही रे' म्हणतो. खरंही असेल, पण मला शंका आहे. तोंडावर विचारलं तर तो मान्य करणार नाही, आणि मला विचारायचंही नाही.

तुमच्याकडे आकडा कसा ठरतो? एकाला परवडतं आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा काय करता? आणि पैसे अजिबात न लावता पोकर खेळता येतो का?

फुरसुंगीकर

आम्ही काजूंवर खेळायचो. काजू महाग झाले म्हणून पैशांवर आलो.

अवलिया७७

हसून हसून पुरेवाट!

किल्वरची_दुर्री

न लावता खेळता येत नाही. करून बघितलंय. पहिल्याच डावात एक जण न बघता ऑल-इन (समोरचं सगळं लावलं) म्हणतो, दुसरा हसत कॉल करतो आणि अर्ध्या तासात सगळे मोबाईलमध्ये. रमी, मेंढीकोट, जजमेंट हे बिनपैशाचे जमतात, कारण तिथे पानंच खेळ चालवतात. पोकरमध्ये पान फेकून देणं हाच अर्धा खेळ. फेकल्याने काही वाचत नसेल तर फेकेल कोण?

सदाशिव_पेठी

पोकर म्हणजे तीन पत्तीच ना शेवटी? साहेबी नाव दिलं की जुगाराला इस्त्री होते.

गणिती_गोंधळ

@सदाशिव_पेठी, नाही हो. तीन पत्तीत तुमची तीन पानं तुमच्याकडे, माझी माझ्याकडे. शो होईपर्यंत एकमेकांबद्दल कळतं ते फक्त कोण ब्लाइंड आहे (तिथे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं) आणि कोण बघून चाल करतोय एवढंच. होल्डममध्ये हातात दोनच पानं आणि मधली पाच सगळ्यांची: आधी तीन (फ्लॉप), मग एक, मग शेवटचं एक (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पैसे लावायचे किंवा सोडायचं. त्यामुळे समोरच्याची गोष्ट जुळते की नाही हे तपासत जाता येतं. फ्लॉपला गप्प बसलेला माणूस रिव्हरला अचानक दुप्पट मारतो, तेव्हा त्या शेवटच्या पानाने त्याचं नेमकं काय भलं केलं, हा प्रश्न विचारता येतो.

अजून एक गंमत. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरच्या (सगळी एकाच रंगाची) वर. पोकरमध्ये उलटं, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. आमच्याकडे नवा माणूस आला की याच्यावरून हमखास भांडण होतं. दोन्ही बरोबर आहेत. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे २५,९८,९६० हात. त्यात साधे स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. इथे फ्लश दुर्मीळ. नियम कोणी मनाने केलेला नाही, मोजून केलाय.

मात्र तीन पत्तीत एक घोळ आहेच. ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स) ४८ प्रकारे. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी ट्रेलच वर. तीन एक्क्यांचा मान राखला असणार.

सदाशिव_पेठी

गणिताबद्दल आभार. मत बदललेलं नाही.

फ्रीमॉन्टचा_फडतरे

आमचा अड्डा कॅलिफोर्नियात, बे एरियातला, फ्रीमॉन्टमध्ये एकाच्या गराजमध्ये. मी आलो तेव्हा इकडे पोकरची लाटच होती. २००३ मध्ये टेनेसीचा एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच आहे), ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्याच सुमारास टीव्हीवर खेळाडूंची झाकलेली पानं कॅमेऱ्याने दाखवायला लागले. मग काय, ज्याला त्याला वाटलं आपणही करू. ऑफिसातल्या प्रत्येक टीमचा एक गेम होता.

त्यातले बहुतेक बंद पडले. आमचा टिकला, आणि माझ्या मते कारण एकच: बाय-इन वीस डॉलर होता, अजून वीसच आहे. मधल्या काळात लोकांचे आयपीओ झाले, घरं झाली, घटस्फोटही झाले. वीस ते वीसच. ज्याला मोठं खेळायचं असेल त्याने सॅन होजेला बे १०१ नाहीतर मॅट्रिक्स या कॅसिनोत जावं, तिथे अनोळखी लोकांकडून पैसे जिंकावेत. गराज त्यासाठी नाही.

दुसरा नियम: यजमानाने पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) एक सेंटही काढायचा नाही. कॅलिफोर्नियात कायद्याच्या नजरेने तोच मोठा फरक आहे. आम्ही पिझ्झ्याचे पैसेसुद्धा वेगळे गोळा करतो.

मेधा_ठाणे

आमचा फक्त बायकांचा गेम आहे, ठाण्यात. आधी किटी पार्टीत तीन पत्ती चालायची, मग एकीच्या लेकीने होल्डम शिकवला. आता तीन पत्तीकडे कोणी बघत नाही. सगळ्यात भारी खेळतात त्या एकीच्या सासूबाई. चेहऱ्यावर रेष हलत नाही. 'काय गं, घेऊ का तुझे?' असं इतक्या मायेने विचारतात की आपण पान टाकूनच देतो. नंतर दाखवतात, हातात काही नसतं.

आमचे नियम. सत्ती-दुर्री घेऊन जी जिंकेल तिला प्रत्येकीने वीस रुपये द्यायचे (होल्डममधला सगळ्यात भिकार हात तोच, म्हणून ब्लफ करायला निमित्त). आणि साबुदाणा वडे खेळ संपल्यावर. एकदा चौकटच्या राणीला तेलाचा डाग पडला आणि दोन तास ती कोणाकडे आहे हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं, जिच्याकडे होती ती सोडून.

किल्वरची_दुर्री

@मेधा_ठाणे, प्लास्टिकचा कॅट घ्या. शंभर टक्के प्लास्टिकचा, नुसतं प्लास्टिकचं पॉलिश असलेला नव्हे. ओल्या फडक्याने पुसता येतो. कागदी कॅटची कोपरं दोन रात्रीत दुमडतात आणि मग ओळखीची माणसं ओळखीच्या पानांनी खेळतात.

गणिती_गोंधळ

कॅटचा विषय निघालाच आहे तर पिसण्याबद्दलही बोलू. आपल्याकडे पिसणं म्हणजे हातात गठ्ठा धरून वरची पानं खाली सोडत राहणं. तो देखावा आहे. दोन भाग करून कोपरे एकमेकांत फर्रर्र मिसळायचे, तसं सात वेळा केलं की ५२ पानं नीट मिसळतात. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये हे सिद्ध केलं. आपल्या पद्धतीने तेवढंच मिसळायला हजारो वेळा पिसावं लागेल. जमत नसेल तर पानं टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवा.

सदाशिव_पेठी

धर्मराजाला हे सात वेळा पिसणं कोणी सांगितलं असतं तर महाभारत टळलं असतं.

अवलिया७७

फासे होते हो काका, पत्ते नव्हते.

तळकोकणी

अवांतर: आमच्याकडे गणपतीत जागरणाला पत्ते लागतातच. मुंबईहून आलेले चाकरमानी, पडवीत सतरंजी, वर बल्ब, आणि भजनं आटोपली की तीन पत्ती. गौरी जाईपर्यंत चालते. वर्षभर पत्त्याला हात न लावणारे आजोबासुद्धा बसतात. म्हणून घरचा खेळ म्हटलं की मला जुगार हा शब्द पटकन सुचत नाही.

आणि पत्त्यांचंच म्हणाल तर आमच्या सावंतवाडीचा गंजिफा बघा. गोल, हाताने रंगवलेली, लाखेची चकाकी असलेली पानं. दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. तेवढी हातात धरून दाखवा, मग पोकरची मिजास करा.

सदाशिव_पेठी

@तळकोकणी, तुमच्या पडवीत मजा आली असेल. मी वाढलो त्या वाड्याच्या मागे एक क्लब होता. 'घरच्यासारखाच' होता तोही. महिन्याच्या एक तारखेला तिथे बायका दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आत गेलेला पगार बाहेर काढायला. लहान होतो, पण दिसायचं. त्यामुळे तुमची शक्यतांची गणितं वाचतो, आवडतातही, पण खेळात बसणार नाही. धागाकर्त्याने मित्र कंबर दुखते म्हणतो हे लक्षात ठेवलं, हे चांगलं केलं.

डोंगरवाट

@सदाशिव_पेठी, हा प्रतिसाद आवडला. वाद घालणार नाही.

काळा_कोट

कायद्याचा उल्लेख झालाय म्हणून थोडं. (हा सल्ला नव्हे, फी मिळालेली नाही.)

महाराष्ट्रात मूळ कायदा १८८७ चा, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात मुख्य रोख 'जुगाराच्या अड्ड्या'वर आहे, म्हणजे ढोबळमानाने अशी जागा जिथे मालक नफ्यासाठी खेळ चालवतो: टेबलाचं भाडं घेतो, डावामागे कट घेतो. म्हणून फडतरेंचा पिझ्झ्याचा नियम इथेही शहाणपणाचा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ मध्ये सूट आहे. रमी कौशल्याची आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं, आणि त्याच निकालात तीन पानी खेळ नशिबाचा म्हटला.

पोकर मधल्या मधे लटकलाय. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला, कर्नाटकात त्याआधी वेगळा सूर लागला होता. त्यामुळे 'आमचा कौशल्याचा खेळ आहे हो' हे वाक्य पोलिसांसमोर फार ताठ मानेने म्हणू नका. ऑनलाइनचा प्रश्न मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निकालात काढला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य असो वा नशीब.

अजून एक गंमत म्हणजे महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदाही होता. तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ज्यांना मोठं खेळायचंय त्यांना गोव्यातल्या कॅसिनोंशिवाय, म्हणजे मुख्यतः मांडवी नदीतल्या बोटींशिवाय, जवळ काही नाही.

फुरसुंगीकर

म्हणजे लग्न ठरवून सत्तेचाळीस वर्षांनी मोडलं.

निवांत_नाशिक

मूळ प्रश्नाकडे येतो. आमचा ग्रुप मोडला, म्हणून लिहितोय.

लॉकडाऊनमध्ये आम्ही एका साइटवर खोट्या चिप्सवर खेळायचो आणि हिशेब वेगळा, वहीत. ती मोठी गोची. टेबलावर पाचशेची नोट ठेवताना हात जरा थांबतो. पडद्यावर नुसता आकडा असतो, '५०००' टाइप करायला '५००'पेक्षा एक शून्य जास्त, बस. कोणी ठरवलं नव्हतं पण दोन-तीन महिन्यांत खेळ दसपट झाला. हिशेब महिन्याअखेर व्हायचा, त्यामुळे हरणाऱ्याला वाटायचं अजून तीन आठवडे आहेत, फिरेल. एकाकडे बरेच थकले. त्याने हळूहळू दिले, पूर्ण दिले. पण त्यासाठी सोनं ठेवलं होतं हे आम्हाला त्याच्या बहिणीकडून कळलं, फार नंतर.

त्याच्याशी कोणाचं भांडण झालं नाही. लग्नाकार्यात भेटतो, बोलतो. पत्ते मात्र परत कोणी काढले नाहीत.

ब्लाइंड किती हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. री-बाय (हरल्यावर पुन्हा घ्यायचा बाय-इन) किती, ते बघा. हजाराचा बाय-इन ऐकायला छोटा वाटतो. रात्री एक वाजता चौथ्यांदा हजार घेणारा माणूस चार हजारांच्या खेळात बसलेला असतो.

किल्वरची_दुर्री

+१. हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि चिप्स देण्याआधी पैसे. उधारी नाही, 'सकाळी पाठवतो' नाही. बँक एकाच माणसाकडे, तोही शक्यतो न पिणारा. आमच्याकडे आधी डबा उघडा असायचा, ज्याला हव्या त्याने चिप्स घ्याव्यात आणि वहीत लिहावं. दर वेळी शेवटी सात-आठशे कमी भरायचे आणि मग तासभर सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. चोर कोणी नव्हता. लिहायला विसरायचे.

अवलिया७७

आम्ही यूपीआयने करतो. शेऱ्यात काय लिहायचं हा प्रश्न असतो. माझ्या स्टेटमेंटमध्ये एका मित्राला पाठवलेले ३,४०० रुपये आहेत, शेरा 'वडापाव'.

मेधा_ठाणे

एवढे वडापाव खाल्ल्यावर कंबर दुखणारच.

फ्रीमॉन्टचा_फडतरे

🙂 री-बायवर एक उपाय: रोख खेळाऐवजी टूर्नामेंट. प्रत्येकी ठराविक रक्कम, सगळ्यांना सारख्या चिप्स, दर वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढतात, संपला की संपला. रात्री जास्तीत जास्त किती जाणार हे दारातून आत येतानाच माहीत. ब्लफही चालतो, कारण चिप्स परत मिळत नाहीत.

किल्वरची_दुर्री

आणि साडेनऊला बाहेर पडलेला माणूस बारापर्यंत सोफ्यावर बसून दुसऱ्यांचे पत्ते बघतो. बाणेरहून हडपसरला येऊन वीस मिनिटं खेळायचं? आमच्याकडे एकाने तर भांडी घासली.

फ्रीमॉन्टचा_फडतरे

मग पहिल्या तासात एक री-बाय द्या. किंवा बाहेर पडलेल्यांचं बाजूला छोटं टेबल लावा. भांडी घासणारा माणूस मात्र गमावू नका.

हुकमी_एक्का

मी धागाकर्त्याच्या त्या 'दोघा-तिघां'च्या बाजूने बोलतो, कारण इथे कोणी बोलत नाहीये. आकडा फार छोटा असला की खेळ खरंच मरतो. ज्याचा पगार लाखांत आहे त्याला दोनशे रुपयांचा कॉल म्हणजे काहीच नाही. तो दुर्री-तिर्रीवर रिव्हरपर्यंत येतो आणि जिंकतोही. विचार करून खेळणाऱ्याला त्यात काय मजा? मी पुस्तकं वाचलीत, आकडेमोड शिकलोय, गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये नफ्यात होतो. कौशल्याची किंमत व्हायला हवी ना?

गणिती_गोंधळ

@हुकमी_एक्का, राग नको पण हिशेब करू. घरी आपणच वाटतो, गप्पा मारतो, त्यामुळे तासाला वीस-पंचवीस डाव. पाच तासांत फार तर सव्वाशे. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा, म्हणजे दोन रात्रींत मिळून एकदा सरासरी. एकाआड एक शनिवार धरला तर वर्षाचे साधारण तीन हजार डाव.

२०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत लिब्राटस नावाचा संगणक प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध खेळला. आपली जीत निव्वळ नशीब नव्हती असं म्हणता यावं म्हणून १,२०,००० डाव खेळवले, वीस दिवस, आणि तेही नशिबाचा वाटा कमी करायच्या युक्त्या वापरून. तुमचे तीन हजार डाव चहाबरोबर झालेत. तुम्ही चांगले खेळत असालही, पण वर्षभराच्या नफ्यावरून ते कळत नाही. तुमच्या शेजारी तोट्यात गेलेला तुमच्यापेक्षा चांगला असू शकतो.

हुकमी_एक्का

तो नाहीये. मी बघितलंय त्याला खेळताना.

अवलिया७७

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मेधा_ठाणे

@हुकमी_एक्का, दुर्री-तिर्रीवर शेवटपर्यंत येणाऱ्याला ब्लफ करायचाच नसतो. चांगलं पान येईपर्यंत थांबायचं आणि मग भरपूर लावायचे, तो कॉल करणारच. म्हणजे तुमची तक्रार अशी की लोक तुम्हाला पैसे देतायत, पण तुमच्या आवडीच्या पद्धतीने नाही. आमच्या सासूबाई अशा माणसावर महिन्याची भाजी काढतील.

फुरसुंगीकर

सासूबाईंना पुण्याला पाठवा.

किल्वरची_दुर्री

एक्क्याचा मुद्दा मी पूर्ण उडवणार नाही. काहीतरी टोचलं पाहिजे, नाहीतर काजूच खेळा. पण टोचण्याची पातळी प्रत्येकाची वेगळी आणि ती उघड विचारली की सगळे खोटं बोलतात. 'चालेल ना पाच हजार?' 'चालेल की!' पुरुष तर जास्तच. म्हणून आमच्याकडे चिठ्ठ्या असतात. वर्षातून एकदा, साधारण दिवाळीनंतर. प्रत्येकाने लिहायचं: एका रात्रीत किती गेले तर दुसऱ्या दिवशी घरी हसत सांगता येईल? नाव नाही, फक्त आकडा. सगळ्यात छोटी चिठ्ठी घ्यायची आणि तिला तीनने भागायचं. तो बाय-इन, आणि दोनच री-बाय. सरासरी काढायची नाही, कारण सरासरीत लाखवाला घुसतो. आणि चिठ्ठी कोणाची यावर चर्चा करायची नाही, एवढं पाळायचं.

निवांत_नाशिक

हे आमच्याकडे असतं तर... असो. चांगला नियम आहे.

सदाशिव_पेठी

'घरी हसत सांगता येईल' हा निकष मला पटला. खेळात नाही, पण निकष पटला.

काळा_कोट

अक्षरावरून ओळखतात. डाव्या हाताने लिहायला सांगा.

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार. शनिवारी खेळ झाला, म्हणून वृत्तांत.

चिठ्ठ्यांची कल्पना मी 'एका मंचावर वाचली' म्हणून मांडली. थोडी टिंगल झाली, मग सगळ्यांनी लिहिल्या, डाव्या हाताने. इतके वाकडे आकडे आले की एक सात आहे की एक यावर वाद झाला. सगळ्यात छोटा आकडा निघाला १,५००. म्हणजे बाय-इन ५००, ब्लाइंड २-५. आत्ता होतो त्याच्याही निम्म्यावर आलो! वाढवायची चर्चा जिथे सुरू झाली होती तिथे ही शांतता बघण्यासारखी होती.

छपाईवाला मित्र आला. कंबरेला पट्टा बांधून. म्हणजे कंबर खरंच दुखत होती, आणि माझी शंका फुकट गेली. पाठीला उशी लावून दोन वाजेपर्यंत खेळला. डाव्या हाताने लिहूनही एक अक्षर मी ओळखलंच, आणि सगळ्यात छोटी चिठ्ठी त्याची नव्हती. कोणाची होती ते इथेही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की मी ज्यांची नावं अंदाजाने घेतली असती त्यांत तो माणूस नव्हता.

खेळ मेला का? पहिला तास हो, सगळे सैल होते. मग दोन री-बायची मर्यादा जाणवायला लागली. शेवटचे पाचशे समोर असले की माणूस पाच हजारांसारखाच विचार करतो. एक वाजता एकाने इस्पिकच्या फ्लशवर पान टाकलं (म्हणजे डाव सोडला), समोरच्याकडे नुसती सत्ती-दुर्री होती. (मेधाताई, तो नियमही उचललाय.)

मेधा_ठाणे

वीस-वीस रुपये गोळा केले ना?

डोंगरवाट

लगेच. रोख.

हुकमी_एक्का

फ्लश टाकला?? कुठला फ्लश, एक्क्याचा की छोटा? बोर्डवर (मधल्या पाच पानांत) जोडी होती का? नुसतं 'फ्लशवर पान टाकलं' असं लिहू नका, पूर्ण डाव सांगा.

डोंगरवाट

हातात इस्पिकची अठ्ठी-छक्की. बोर्ड: इस्पिक राजा, इस्पिक दस्सी, चौकट चौव्वी, मग इस्पिक तिर्री, आणि रिव्हरला बदाम राजा. रिव्हरला समोरच्याने सगळे लावले.

हुकमी_एक्का

मग ठीक आहे. राजाची जोडी पडली, फुल हाउसची (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशच्याही वर) भीती रास्त. शिवाय छोटा फ्लश. मीही विचार केला असता. पण ब्लाइंड २-५ आणि बाय-इन पाचशेला कॉल केला असता.

गणिती_गोंधळ

आणि म्हणाला असता, कौशल्य.

तळकोकणी

या गणपतीत आमच्या पडवीत होल्डम शिकवायचा विचार आहे. आजोबांना ब्लाइंड म्हणजे न बघता खेळणं एवढंच माहीत. तिथे सक्तीने लावायचे पैसे म्हणजे ब्लाइंड, हे त्यांना कसं पटवू? कोणी सोपं करून सांगेल का?

किल्वरची_दुर्री

'बूट' म्हणा. तीन पत्तीत प्रत्येक जण बूट टाकतो, इथे दोघंच टाकतात आणि पाळी फिरते. आजोबांना लगेच कळेल. मग सगळ्यांना घेऊन बसतील ते.